मधली चित्रं

कन्ना चौकात, सुताच्या जुन्या गोदामावर दुसरा मजला.
बारा टेबलं. एसी एकच,
तोही मेरगू सरांच्या केबिनमध्ये.
आम्ही मधली चित्रं काढतो.
म्हणजे असं :
तोक्योहून पहिलं चित्र येतं, मुलगी उभी.
आणि शेवटचं, मुलगी झोपलेली.
ती कशी झोपली, ते आमच्याकडे.

दर चित्राला ठरलेला भाव.
अम्मा हजार विड्यांवर मोजते, मी चित्रांवर.
रात्री दोघी बोटं चोळत बसतो.
तिच्या बोटांना तंबाखूचा वास, माझ्या बोटांना कसलाच नाही,
म्हणून तिला अजून वाटतं
मी दिवसभर टीव्ही बघते.

भाग सातवा, कट एकशे त्रेचाळीस.
मेलेल्या भावाच्या खोलीत जाऊन मुलगी
त्याचं पांघरूण अंगावर ओढते.
अडीच सेकंद. वीस चित्रं.
चार त्यांची, सोळा माझी.

परत आलं. कडेला लाल पेन्सिलीत जपानी अक्षरं,
खाली पुण्याच्या मॅडमनी मराठीत लिहिलेलं :
कापड पडतंय, पण त्याला वजन नाही.
दुसऱ्यांदा परत आलं, तेच.
तिसऱ्यांदा नुसतं 'वजन'
आणि त्याखाली दोन रेघा.

बसवराज म्हणाला, सोड की, कोण बघतंय,
अडीच सेकंदांत माणसाची जांभईसुद्धा पुरी होत नाही.
मे महिना. चव्वेचाळीस.
टॅबलेटच्या काचेला मनगट चिकटत होतं
आणि तिकडं त्या पोरीला थंडी वाजत होती.

नायनाला सांगितलं.
चौतीस वर्षं यंत्रमागावर, त्यामुळे ऐकू कमी.
दोनदा ओरडून सांगितलं, तेव्हा उठला.
कपाटावरची चादर काढली,
मोरांची, एका मोराची मान चुकलेली,
म्हणून कधीच न विकलेली.
'झोप,' म्हणाला.
मी खाटेवर. त्या उकाड्यात.
त्यानं झटकली, टाकली.
'बघ. आधी कड पडते.
मग आतली हवा कुठून जाऊ, कुठून जाऊ करते.
मधलं शेवटी बसतं.'
परत टाकली. परत.
अम्मा विड्यांचं सूप सरकवून मोबाइल धरून उभी,
तेलुगूतून दोघांनाही वेड्यात काढत.
अकरा वेळा.
बाराव्या वेळी मी खरंच डोळे मिटले.

चौथ्यांदा परत आलं नाही.
काहीच आलं नाही.

सातवा भाग मात्र लांबला.
एक आठवडा जुनेच तुकडे जोडून दाखवले.
तिकडं कुणी आजारी पडलं, की कुणी सोडून गेलं,
आम्हाला कोण सांगणार.
मग एका शनिवारी, तिकडं रात्रीचे एक पस्तीस,
इकडं दहा वाजून पाच,
कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ताटात
मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला.
अम्मा सारखी विचारत होती, यात तू कुठं?
पांघरूण आलं
आणि गेलं.

'मागं घे,' नायना म्हणाला.
घेतलं.
तो बघत राहिला. अंगठा तर्जनीवर घासत होता,
दुकानात कापड तपासतात तसा,
हातात काहीच नसताना.
'पावणेदोन किलो,' म्हणाला.
'दोन नाही. पावणेदोन.'

शेवटी नावं धावली, डोळा ठरेना.
बसवराजनं नंतर फोटो पाठवला, बाण काढून :
खालून चौथी ओळ, हे आपण.
वाचून दाखवायला सांगितलं तर मॅडम हसल्या.
त्यांच्या अक्षरांत 'ल' नाही.
सोरापुरु.
अम्माला ते फार आवडलं. आता भाजीवाल्यालाही सांगते,
आम्ही सोरापुरुचे.

चादरीची घडी कुणी घातलीच नाही.
सोमवारी मेरगू सरांनी पाकीट उघडलं.
भाग नववा, कट बारा.
कुणीतरी दार लावतं.
पहिलं चित्र : दार उघडं. शेवटचं : बंद.
किती जोरात, ते लिहिलेलं नाही.